आलाय म्हण, आहे म्हणू नकोस

पोरी,

टायफॉईड उतरून तीन आठवडे झाले तरी जिन्यात मधेच बसावं लागतं, हे समजलं. पण पत्राच्या शेवटी विचारलंयस, "मी मुळातच दुबळी आहे का?" त्या एका शब्दापायी हे पत्र.

आपण काय बोलतो ते नीट ऐक. अशक्तपणा येतो, थकवा येतो, ग्लानी येते. जे येतं ते जातंही. दुबळा मात्र माणूस 'असतो'. 'अशक्त'मध्ये 'शक्' धातू आहे, आपल्या 'शकणे'तलाच. आज चढू शकत नाहीस, एवढाच त्याचा अर्थ. 'दुबळा' निघाला 'दुर्बल'पासून, पण वाटेत गरिबी, लाचारी सगळं अंगाला लावून घेत आला. म्हणून तर 'दीनदुबळे' एका दमात म्हणतो. आणि 'अबला'? बळ नसलेली, एवढंच होतं. ते अख्ख्या स्त्रीजातीचं नाव झालं! राज्यघटनेच्या ४६व्या अनुच्छेदात 'दुर्बल' आहे, पण तिथे तो शब्द समाजघटकांना संरक्षण देतो. तू स्वतःला लावून काय मिळवतेस?

मी वर्गात एकाला हा शब्द लावला होता. तापातून उठलेला पोरगा, बाकाची कड धरून उभा होता, नखं पांढरी पडलेली. मी म्हणालो, "बस रे, तू दुबळा आहेस." मायेनेच म्हणालो. उभं ठेवायला हवं होतं का त्याला? बसवलं ते बरोबरच केलं, आजही म्हणेन. पण पुढे वर्षभर खेळाच्या तासाला तो पायरीवर बसून इतरांच्या चपला सांभाळायचा. ताप केव्हाच गेला होता. 'अशक्तपणा आलाय, बस' म्हणालो असतो तर? हे मला अजून सुटत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आलाय म्हण. डॉक्टरांनाही 'वीकनेस आहे' असं मोघम सांगू नकोस. दम लागतो, मांड्या लटपटतात की नुसतं पडून राहावंसं वाटतं, ते वेगवेगळं सांग. त्यांची कारणं वेगळी असू शकतात. आईला 'अंगात त्राण नाही' म्हटलंस तरी चालेल. त्राण म्हणजे मुळात रक्षण. ते नाही म्हटल्यावर कुणीतरी सोबत बसतं.

आणि चिडलो असेन तर चिडलोय. पुढच्या पत्रात किती पायऱ्या झाल्या तेवढं लिही.