नाईट व्हिजन गॉगलमध्ये होलोग्राम कशाला?

प्रश्न: सर, मी रावेर तालुक्यातला, जळगावला इंजिनिअरिंग करतोय. आमच्याकडे लाईट रात्रीची असली की केळीला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, बिबट्याची भीती असते, म्हणून नाईट व्हिजनचं वाचत होतो तर त्यात होलोग्राफिक ऑप्टिक्स आलं. होलोग्राममुळे अंधारात जास्त दिसतं का?

उत्तर: नाही भाऊ, अंधारात दिसणं हे गॉगलमधल्या उजेड वाढवणाऱ्या ट्यूबचं काम. चांदण्यांचा जो थोडाफार उजेड असतो तो पुढच्या लेन्समधून फोटोकॅथोड नावाच्या थरावर पडतो, तिथून इलेक्ट्रॉन सुटतात, मायक्रोचॅनल प्लेटच्या बारीक नळ्यांतून जाताना ते हजारो पटीने वाढतात आणि इलेक्ट्रॉन आदळले की उजळणाऱ्या फॉस्फरच्या पडद्यावर हिरवं चित्र उमटतं. होलोग्राम येतो तो त्याच्यानंतर.

साध्या गॉगलमध्ये ट्यूब थेट डोळ्यापुढे असते, त्यामुळे मान पुढे ओढली जाते आणि दिसतं ते 40 अंशांच्या आसपास, बाजूला काय आहे ते कळतच नाही. होलोग्राफिक डिझाइनमध्ये ट्यूब कपाळाकडे किंवा बाजूला सरकवता येते आणि डोळ्यापुढे राहते फक्त पारदर्शक काच. त्या काचेतल्या फोटोपॉलिमरच्या किंवा डायक्रोमेटेड जिलेटिनच्या (दोन्ही उजेडाने बदलणारे पदार्थ) थरात दोन लेझर किरण एकमेकांवर टाकून अतिसूक्ष्म पट्टे नोंदवलेले असतात, हाच होलोग्राम, आणि ते पट्टेच वक्र आरशासारखं काम करतात पण एकाच रंगापुरतं. ट्यूबच्या पडद्यावरच्या पी-43 या हिरव्या फॉस्फरचा मुख्य उजेड 545 नॅनोमीटरजवळ अगदी अरुंद पट्ट्यात येतो, तेवढाच हिरवा डोळ्याकडे वळतो आणि बाकी सगळं आरपार जातं, म्हणजे ट्यूबचं चित्रही दिसतं आणि समोरचा बांध, स्टार्टरचा दिवा पण. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. असे आरशासारखे उजेड परत फेकणारे, म्हणजे परावर्तन होलोग्राम सोव्हिएत रशियातल्या युरी डेनिस्युक यांनी 1962 मध्ये मांडले.

अडचणीही आहेतच. पांढऱ्या फॉस्फरचा उजेड बऱ्याच रंगांत पसरलेला असतो, त्यातला बराचसा वाया जातो. काच तिरपी, म्हणून चित्र वेडंवाकडं होतं, ते सरळ करायला जास्तीच्या लेन्स लागतात. जिलेटिनला दमट हवा चालत नाही, ते दोन काचांमध्ये सील करावं लागतं. आणि पुढची लेन्स होलोग्रामची करून चालत नाही, कारण आकाशाच्या उजेडात सगळ्या तरंगलांब्या असतात, होलोग्राम त्या वेगवेगळ्या दिशांना फेकतो आणि चित्र फाटतं.

केळीच्या दाट बागेत चांदणंच पोचत नाही, तिथं असला गॉगल फार कामाचा नाही. तू एकटा जाऊ नकोस, सोबत कोणी घे, चांगली बॅटरी घे, मोठ्यानं बोलत जा. आणि कॉलेजला प्रोजेक्ट करायचा असेल तर फोटोपॉलिमर फिल्मवर 532 नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरने आधी साध्या आरशाचा होलोग्राम रेकॉर्ड करून बघ, फक्त एक्सपोजर चालू असताना टेबलाला कोणी हात लावायचा नाही.