वैयक्तिक इन्स्टाग्राम अकाउंटवर प्रायोजक मिळाल्यास मोबदला कसा ठरवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, कुंडीतल्या झाडांविषयीच्या तुमच्या अकाउंटला आठ-नऊ हजार फॉलोअर आहेत, एका कंपनीने खताची पाकिटे फुकट देऊन त्याबदल्यात एक रील आणि दोन स्टोऱ्या मागितल्या आहेत, तर हे स्वीकारावे का आणि पैसे मागायचे झाल्यास किती मागावेत. मी गेली काही वर्षे फाउंटन पेन, शाई आणि कागद या विषयावर अकाउंट चालवते. माझे पोट त्यावर नाही, फॉलोअरही तुमच्याहून फार जास्त नाहीत, पण प्रायोजकांकडून बऱ्यापैकी नियमित पैसे येतात.

संख्या कमी आहे म्हणून संकोचू नका. विषय नेमका असला की कंपन्या छोट्या अकाउंटकडेही येतात, आणि बोलणी सुरू झाली की त्या इनसाइट्सचे स्क्रीनशॉट मागतात: गेल्या ३० दिवसांत किती जणांपर्यंत पोहोचलात, बघणारे कोणत्या देशांतले व वयाचे आहेत, पोस्ट किती जणांनी सेव्ह केली. साध्या वैयक्तिक अकाउंटवर हे आकडे दिसत नाहीत, त्यासाठी ते आधी क्रिएटर किंवा बिझनेस प्रकारात बदलून घ्यावे लागते. कोणत्या कागदावर शाई फुटते हे दाखवणारी माझी एक पोस्ट लाइक्सच्या हिशेबात सुमारच होती, पण लोकांनी ती सेव्ह मात्र भरपूर केली होती, आणि माझ्या पहिल्या प्रायोजकाने मेलमध्ये उल्लेख केला तो तिचाच.

आता मुख्य मुद्दा. नवखे लोक दर कमी सांगतात हे खरे, पण खरे नुकसान होते ते एकाच दरात चार निरनिराळ्या गोष्टी देऊन टाकल्यामुळे. व्हिडिओ तयार करण्याची मेहनत ही एक. तो तुमच्या फॉलोअरना दाखवणे ही दुसरी. तोच व्हिडिओ कंपनीने स्वतःच्या पानावर वापरणे किंवा पैसे भरून तुमच्या नावाने जाहिरात म्हणून चालवणे ही तिसरी. आणि ठरावीक काळ दुसऱ्या कंपनीचे काम न घेण्याचे बंधन ही चौथी. मेलमध्ये मात्र या सगळ्याला ‘एक रील’ असे म्हटलेले असते.

मला हे महागात पडून कळले. माझ्या दुसऱ्याच करारात ‘सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमस्वरूपी वापराचा हक्क’ अशी ओळ होती, आणि ती नेहमीची कायदेशीर भाषा असावी असे समजून मी सही केली. दीड वर्षाने एका वाचकाने मला एक जाहिरात पाठवली. व्हिडिओ तोच, हात माझाच, मधल्या बोटावर निळ्या शाईचा डागही तोच, आणि वर नवीन पट्टी: ‘कोणत्याही कागदावर फुटत नाही.’ मी असे कधीच म्हटले नव्हते. उलट पातळ कागदावर ती शाई फुटते हे मी त्याच व्हिडिओत दाखवले होते, आणि नेमका तेवढाच भाग कापलेला होता. तक्रार केली तेव्हा कंपनीने नम्रपणे त्या ओळीकडे बोट दाखवले. तेव्हापासून मी वापराची मुदत ३ महिने लिहून घेते, जाहिरात म्हणून चालवण्याचे वेगळे पैसे लावते, आणि मजकुरात कोणताही बदल माझ्या लेखी संमतीशिवाय होणार नाही ही अट घालते. एकाही कंपनीने त्यावरून काम काढून घेतलेले नाही. घासाघीस होते, ती दरावर होते.

मूळ दर मी तासांवरून काढते. वस्तू वापरून पाहणे, चित्रीकरण, संपादन आणि दुरुस्तीची एक फेरी यांना लागणारे तास गुणिले माझ्या नेहमीच्या कामाचा तासाचा दर. त्यावर ३ महिन्यांच्या वापरासाठी निम्मे आणखी. हे शास्त्र नव्हे, पण आकडा कुठून आला हे सांगता येते, आणि तसे सांगता आले की आवाज डगमगत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली पोस्ट टाकल्यापासून किती दिवसांत मिळेल ते लिहून घ्यावे, नाहीतर ‘अकाउंट्स विभागाकडे पाठवले आहे’ हे वाक्य तुमचेही पाठ होईल.

फुकट वस्तूही मोबदलाच असतो. अनेक देशांत तिच्यावर कर लागू शकतो, आणि ती मिळाल्याचे प्रेक्षकांना सांगावेच लागते. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये सशुल्क भागीदारीचे लेबल आणले, ते वापरा. कॅप्शनच्या तळाशी पंधरा हॅशटॅगमध्ये ‘जाहिरात’ हा शब्द दडवणे ही उघड लबाडी आहे. आर्थिक उत्पादनांपासून तर लांबच राहा. अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दशियनने एका क्रिप्टो टोकनच्या (आभासी चलनाच्या) पोस्टवर जाहिरात असल्याचा हॅशटॅग टाकला होता, तरी त्यासाठी मिळालेले २,५०,००० डॉलर उघड न केल्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाशी १२.६ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

प्रायोजकत्वाच्या नावाने येणारी प्रत्येक मेल खरी नसते, हेही सांगून ठेवते. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्ससारखे मोठे यूट्यूब चॅनेल हॅक झाले, ते प्रायोजकाच्या प्रस्तावासारखी दिसणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडल्यामुळे. त्यात पासवर्डची चोरी झालीच नाही. लॉग-इन असलेल्या ब्राउझरचे सेशनच (आधीच लॉग-इन झाल्याची नोंद) चोरले गेले, त्यामुळे दुहेरी पडताळणीचा उपयोग झाला नाही. झिप फाइल आली की ती उघडू नये, कंपनीच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून तिथे विचारावे.

तुमच्या खताबद्दल मी असे उत्तर दिले असते: पाकिटे पाठवा, मी ती सहा आठवडे दोन सारख्या कुंड्यांपैकी एकीला घालून पाहीन, आणि फरक दिसला तर तो दाखवणाऱ्या रीलचा दर इतका, फुकट पाकिटांच्या बदल्यात मात्र ती मिळाल्याची एक स्टोरी, मोबदल्याच्या उल्लेखासह, एवढेच. सहा आठवडे थांबायला कंपनी तयार नसेल, तर तिला खताचा परिणाम दाखवायचा नसून पाकीट फोडतानाचा तुमचा हसरा चेहरा हवा आहे, आणि त्या कामाला मी तरी नकार दिला असता.