नाटकात वास आणताना

प्रिय,

तुझी संहिता आणि वासांची यादी मिळाली. दोन अंकांत अकरा वास लिहिले आहेस. त्यातले आठ आजच काढ. प्रेक्षागृहात वास सोडायला वेळ लागत नाही, तो बाहेर काढायला लागतो, आणि तुझ्या यादीत काढण्याचा हिशेब कुठेच नाही.

हॉल १० मीटर लांब, ८ रुंद, ५ उंच धर. म्हणजे ४०० घनमीटर हवा. वायुवीजन तासाला सहा वेळा हवा बदलतं असं मानलं तरी दहा मिनिटांत हॉल स्वच्छ होत नाही, कारण नवी हवा जुनीतच मिसळत जाते. दहा मिनिटांनी साधारण ३७ टक्के वास शिल्लक असतो, वीस मिनिटांनी १४ आणि अर्ध्या तासाने ५ टक्के. शिवाय स्प्लिट एसी असेल तर तो आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. तसं असेल तर स्वयंपाकघरातली कॉफी आणि नंतरच्या प्रवेशातला मोगरा एकमेकांत मिसळून भलताच तिसरा वास तयार होईल.

१९५९च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘अरोमारामा’ या यंत्रणेने एसीच्या वाटेनेच चित्रपटगृहात वास सोडले होते. लगेच १९६०च्या जानेवारीत शिकागोला ‘स्मेल-ओ-व्हिजन’ आलं. ते बनवणाऱ्या हॅन्स लाउबेने नळ्या थेट खुर्च्यांपर्यंत नेल्या होत्या. विचार बरोबर होता, पण नळ्यांचा फुस्स आवाज येई आणि बाल्कनीत वास उशिरा पोचे, अशा तक्रारी झाल्या. लाउबेची दिशाच तू धर: अख्खा हॉल भरायचा नाही, नाकाजवळ चिमूटभर द्यायचं. तेवढा वास नंतर ४०० घनमीटरात विरला की जाणवत नाही. साफसफाई आपोआप होते.

त्यासाठी वास सोडणारी डबी अशी कर. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत मागे १२ व्होल्टचा ४० मिलिमीटरचा पंखा, मध्ये फेल्टचा तुकडा, पुढे तोंडाला पातळ झडप. बाथरूमच्या एक्झॉस्टला असते तशी, वाऱ्याने उघडणारी आणि वारा थांबला की पडणारी. झडप विसरलास तर पंखा बंद असतानाही फेल्ट झिरपत राहतो आणि पडदा उघडायच्या आधीच वास फुकट जातो. पंखा ७ ते ९ व्होल्टवर चालव, आवाज बराच कमी होतो. मात्र त्या व्होल्टेजला तो दर वेळी सुरू होतो ना, ते एकेक तपास. डबी पुढच्या खुर्चीच्या पाठीला, बसलेल्याच्या छातीच्या उंचीवर, दोन खुर्च्यांत एक. नळी लागलीच तर टेफ्लॉनची घे. सिलिकॉनची नळी वास पिते आणि नंतर दिवसेंदिवस सोडत राहते. एका वासाची डबी किंवा नळी दुसऱ्याला कधीच वापरू नकोस. साठ खुर्च्या आणि तीन वास म्हणजे ९० डब्या. अकरा का नकोत ते इथेही कळेल.

वेळ साधताना एक मर्यादा आधी मान्य कर. शांत बसलेला माणूस चार-पाच सेकंदांनी एकदा श्वास घेतो. त्याहून बारीक टायमिंग वासात होत नाही. म्हणून दाराच्या आवाजाला किंवा थपडेला वास जोडू नकोस, प्रसंगाला जोड. आधी डोळ्यांना किंवा कानांना वस्तू कळू दे, मग एका श्वासात वास येऊ दे. नुसता वास ओळखायला लोक चुकतात. समोर संत्रं सोललं जात असेल तर फिकट वासही लगेच ओळखतात. पंखा ५ ते ८ सेकंद पुरे. प्रसंग लांब असला तरी सलग सोडू नकोस. नाक काही मिनिटांत सरावतं आणि मग कितीही ओतलं तरी उपयोग नाही. दीड-दोन मिनिटांनी दुसरी फुंकर दे. वास सोडायचा इशारा (क्यू) प्रकाशाच्या बोर्डावरूनच घे, पण रिलेमार्फत, म्हणजे नुसतं चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमार्फत. पंखा डिमरला, म्हणजे दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राला, जोडलास तर तो घुरघुरेल आणि जळेल.

आता द्रव्यं. संत्र्याच्या सालीचं तेल, कापूर हे पटकन येतात, पटकन जातात. पहिल्यांदा हेच घे. व्हॅनिला, चंदन, कस्तुरी कपड्यांना चिकटतात. तुला पहिल्या पावसाचा वास हवा आहे, त्यासाठी कनौजचं मातीचं अत्तर आणशील. ते सुंदरच असतं, पण परंपरेने चंदनतेलात उतरवलेलं असतं; पाऊस जाईल आणि चंदन रेंगाळेल. त्याऐवजी जिऑस्मिन हे द्रव्य पाहा. पावसानंतर मातीला जो वास येतो तो बराचसा याचाच, आणि नाकाला तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो. म्हणून ०.१ टक्क्यापासून सुरुवात करून आणखी पातळ करत जा. जास्त झालं तर प्रेक्षकांना माती नाही, बीट आठवेल. बिटाचा मातकटपणा त्याच द्रव्याचा. मोगऱ्याचंही तसंच. त्यातलं इंडोल हे द्रव्य थोडं असेल तर फूल, जास्त झालं तर डांबरगोळी. बाकी तेलांना १ मिलिलिटर तेल आणि ९ मिलिलिटर डायप्रोपिलीन ग्लायकॉल (तेल पातळ करायचं द्रव), फेल्टवर दोन-तीन थेंब.

रंगमंचावर खरीच फोडणी द्यायचा मोह होईल. गरम हवा सरळ वर जाते, दिव्यांच्या उष्णतेने आणखी वर. हिंग-मोहरी आधी बाल्कनीला मिळेल, पहिल्या रांगेला सगळ्यात शेवटी. आणि अल्कोहोलचे फवारे दिव्यांजवळ अजिबात नकोत. संत्र्याचं तेलही पेट घेतं.

दम्याच्या आणि अर्धशिशीच्या माणसांचा विचार तिकीट विकतानाच कर. नाटकात वास सोडले जातील हे तिकीट खिडकीवर लिही, तिसऱ्या घंटेआधी पुन्हा सांग आणि एक अख्खी रांग बिनडब्यांची ठेव, शक्यतो दाराजवळची.

चाचणी अशी घे. वेगवेगळ्या रांगांत सहा जण डोळे मिटून बसव. वास आला की हात वर. तू स्टॉपवॉच घेऊन पहिला हात आणि शेवटचा हात टिप. एसी सुरू ठेवून एकदा, बंद ठेवून एकदा. दोन हातांत दहा सेकंदांहून जास्त फरक पडला तर डब्यांची जागा बदल, थेंब वाढवू नकोस. दोन फेऱ्यांत वीस मिनिटं दारं उघडी ठेव, नाहीतर दुसऱ्या फेरीत हात पहिल्या फेरीच्याच वासाला वर होतील. प्रयोगानंतर फेल्ट काढून काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेव आणि बाटलीवर वासाचं नाव, तारीख घाल.

उरलेले तीन वास कोणते ठेवलेस ते कळव. पाऊस त्यात असेल तर जिऑस्मिनचं प्रमाण ठरवायच्या आधी फोन कर.