वाचकांचे प्रश्न : लहान दीर्घिकांमधला वायू जातो कुठे?

प्रश्न : दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकाविश्वांच्या, मोठ्या समूहात शिरलेल्या लहान दीर्घिकेत नवे तारे जन्मणे थांबते म्हणतात. दोन दीर्घिकांमध्ये तर पोकळीच असते ना? आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला (जीएमआरटी) हे कळते का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : ती जागा अगदी रिकामी नसते. सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या कन्या या दीर्घिकासमूहात कोट्यवधी अंश तापलेला वायू पसरलेला आहे. विरळ इतका, की केंद्रापासून थोडे दूर गेले तर एक लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढ्या जागेत जेमतेम एखादा कण सापडेल. पण दीर्घिका त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर, म्हणजे ताशी ३६ लाख किलोमीटर वेगाने जाते आणि समोरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. स्कूटर २०वर असताना वारा फारसा जाणवत नाही. ६०वर ओढणी सांभाळावी लागते, कारण दाब नऊपट झालेला असतो. दीर्घिकांचा वायू असाच ओरबाडला जातो, हे गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ साली मांडले.

वायूवरची गुरुत्वाची पकड ठरते ताऱ्यांच्या आणि वायूच्या पृष्ठघनतेच्या, म्हणजे तबकडीच्या दर चौरस एककावरच्या वस्तुमानाच्या, गुणाकाराने. लहान दीर्घिकेत दर चौरस पार्सेकला (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) ताऱ्यांचे १० आणि वायूचे ५ सूर्य एवढे वस्तुमान धरा, मोठीत १०० आणि १०. गुणाकार ५० आणि १०००, म्हणजे लहानीची पकड २० पट ढिली. तारे आकाराने लहान नि घट्ट, त्यांना हा वारा हलवत नाही. वायू मात्र कडेपासून सुटत जातो, तारे घडण्याचा भाग केंद्राकडे आक्रसतो आणि कच्चा माल संपला की काम थांबते. गंमत अशी, की दाबामुळे सुरुवातीला तारेनिर्मिती वाढूही शकते; आयसी ३४१८ या लहान दीर्घिकेच्या तर मागे सुटलेल्या शेपटीतही कोवळे तारे दिसतात.

आता खोडद. दीर्घिकेतला उदासीन (विद्युतभार नसलेला) हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे त्या वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडतो. दीर्घिका सेकंदाला १००० किलोमीटरने दूर जात असेल तर ही खूण सुमारे १४१५.७ मेगाहर्ट्झवर शोधावी लागते. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मधोमध दाटीने आहेत, बाकीच्या इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर. नकाशा बनतो तो दोन-दोन अँटेनांचे संकेत जोडून; पसरट, फिकट वायू टिपायचा तर मधल्या जवळजवळच्या जोड्या हव्यातच. फक्त लांबच्या जोड्यांची मापे घेतली तर वायू असूनही नकाशात उमटत नाही आणि दीर्घिका रिकामी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नकाशा हाती आला की तो दृश्य प्रकाशातल्या चित्रावर ठेवून पाहावा. ताऱ्यांची तबकडी जशीच्या तशी नि वायूच एका बाजूला सरकलेला असेल, तर दोष समूहातल्या वाऱ्याचा. तारेही ओढले गेले असतील, तर आधी शेजारच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकडे बघावे.