वाचकांचे प्रश्न : खाजणातल्या वनस्पतींचे पट्टे

प्रश्न : खाजणात, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं त्या दलदलीत, काठापासून आत जाताना उंची जेमतेम हातभर वाढते, पण वनस्पती मात्र पट्ट्यापट्ट्याने बदलतात. प्रत्येकीला आपल्या पट्ट्यातला खारटपणा मानवतो म्हणून असं होतं का?

उत्तर : मानवतो म्हणण्यापेक्षा सोसतो म्हणा. यातल्या बऱ्याच वनस्पती कुंडीत एकट्या लावल्या, तर कमी मिठात जास्त जोमाने वाढतात.

हातभर उंचीने भरतीचा हिशेब पार बदलतो. खालचा पट्टा रोज बुडतो, वरचा फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला. बुडालेल्या चिखलात काही मिलिमीटरखालीच ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. हा वायू मुळांना विषारी असतो. खालच्या पट्ट्यातलं स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे गवत पानांतली हवा पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत नेतं, आणि त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांतून बाहेर झिरपतो. एखादं मूळ उपटून पाहा. काळ्या चिखलात त्याच्याभोवती तांबूस थर दिसेल. तो लोहाचा गंज. जास्तीचं मीठ हे गवत पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दुपारी पानावरून बोट फिरवलं की खडे लागतात.

सर्वांत खारट जागा मात्र पाण्याच्या कडेला नसते. उधाणाचं पाणी जिथे अधूनमधूनच चढतं आणि मग कित्येक दिवस उन्हात आटत राहतं, तिथल्या उघड्या खोलगट जागी मीठ समुद्राच्या (लिटरला सुमारे ३५ ग्रॅम) दुपटीवरही जातं. तिथे सॅलिकॉर्निया टिकते. तिला पानं जवळजवळ नसतात. मांसल, पेरेदार खोडाच्या पेशींत ती मीठ वेगळं कोंडून ठेवते.

आता वरच्या सीमेचं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या खाजणांत परिसंस्थांचे अभ्यासक मार्क बर्टनेस यांनी रोपं हलवून पाहिली. खालचं स्पार्टिना वर नेलं आणि शेजारची झाडं काढली, तर ते छान वाढलं. शेजारी ठेवले तर दबलं. वरच्या पट्ट्यातलं स्पार्टिना पेटन्स हे दुसरं गवत खाली नेल्यावर शेजारी नसतानाही तगलं नाही. म्हणजे खालची हद्द पाणी ठरवतं आणि वरची बहुधा शेजारी. खत घातलं की नत्रासाठीची मुळांची चढाओढ कमी होते आणि खालचं गवत वर सरकू लागतं. खाजणात सांडपाणी येऊ देऊ नये, याचं हेही एक कारण आहे.

प्रश्न : काठावरचं स्पार्टिना पुरुषभर उंच, आतलं गुडघ्याएवढं. जाती दोन आहेत का?

उत्तर : नाही, जात एकच. काठावरचा चिखल ओहोटीला निथळतो, आतला साचलेला राहतो. तिथे सल्फाइड वाढतं आणि मुळांना नत्र नीट घेता येत नाही. फरकाचा काही भाग आनुवंशिकही असतो.

प्रश्न : हे पट्टे मोजायचे कसे?

उत्तर : काठापासून आत सरळ दोरी टाका. दर २ मीटरला ५० सेंमीची चौकट ठेवून कोणती वनस्पती किती जागा व्यापते ते लिहा. उंचीसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. मात्र नळीत बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी जुळत नाही आणि सगळे आकडे चुकतात. मुळांच्या खोलीवरचं, म्हणजे १० ते १५ सेंमीखालचं पाणी सिरिंजने ओढून त्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मीठ दाखवणारं छोटं उपकरण) पाहा. पावसानंतर लगेच मोजू नका, आणि एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), दोन्ही वेळी मोजा.