जळगाव-भुसावळकडे बायोटेक आणि आयटीतल्या लोकांसाठी नेटवर्किंग आणि सांस्कृतिक कार्यक्रम सुरू केला तर चालेल का?

चालेल. पण तुम्ही प्रश्नाखाली जो आराखडा दिलाय (जळगावात हॉटेलचा हॉल, संध्याकाळी सहाला नोंदणी, दोन पॅनेल, मग गझलांची मैफल आणि बुफे) तो तसाच राबवलात तर पहिल्या वेळी हॉल भरेल, दुसऱ्या वेळी तुमचे नातेवाईक येतील आणि तिसरी वेळ येणारच नाही. हे मी चिडून लिहीत नाहीये. म्हणजे थोडं चिडूनच लिहितोय, कारण अगदी अशाच एका कार्यक्रमाला मी जाऊन आलोय.

मी यावल तालुक्यात केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करतो, म्हणजे कंदाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवतात तिथे. मीडिया (रोपं ज्यात वाढतात ते पोषक मिश्रण) आणि ग्रोथ रूम (बाटल्या ठेवायची खोली) माझ्याकडे. आमंत्रण आलं तेव्हा बरं वाटलं होतं. विद्यापीठातले, बियाणं आणि औषधं विकणारे, ठिबकवाले, पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांची कामं घरून करणारी पोरं, आमच्यासारखे लॅबवाले, सगळे एका छताखाली येणार होते. सोबत माझे साडू होते. ते हिंजवडीत असतात, तिकडे असे मीटअप भरवतात आणि त्यांना या विषयात खूप कळतं असं त्यांचं मत आहे.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, मग सत्कार. व्यासपीठावर जितके बसले होते तितक्यांना शाल आणि नारळ, मग ज्यांनी शाली दिल्या त्यांनाही शाली. पहिल्या पॅनेलवर 'इकोसिस्टीम' हा शब्द इतक्यांदा आला की मागच्या रांगेतल्या पोरांनी मोजायला घेतला. मग रावेरकडचा एक शेतकरी उठला. त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे, बहुतेक ठिबकवाल्यांनी. त्याने विचारलं की केळीवर हरण्या येतो तो तुमच्या रोपांतून येतो की माझ्या शेतातल्या मावा किडीतून, ते आज इथे कुणीतरी एकदाचं सांगा.

त्या संध्याकाळचा एकमेव कामाचा प्रश्न तोच होता. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. मातृवृक्षात विषाणू असेल आणि लॅबने व्हायरस इंडेक्सिंग (विषाणू आहे का याची तपासणी) नीट केलं नसेल तर रोपातून येऊ शकतो. रोप स्वच्छ असलं तरी शेजारच्या काकडीवरून, मिरचीवरून, बांधावरच्या तणावरून मावा तो आणून सोडतो. एकदा लागला की औषध नाही, झाड उपटून नष्ट करायचं. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या, आणि कुणाच्या शेतात कुठली जास्त खरी हे शोधायला जी माणसं लागतात ती सगळी त्या हॉलमध्ये बसली होती: पीसीआर (विषाणू ओळखायची चाचणी) करणारे, कीटकशास्त्रवाले, रोपांच्या बॅचचे रेकॉर्ड ठेवणारे आम्ही, आणि गावागावाचा नकाशा करून देऊ शकतील अशी सॉफ्टवेअरची पोरं. सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ." मग गायक आले. तबला लावेपर्यंत त्या शेतकऱ्याची शेवटची एसटी व्हायची वेळ झाली, तो निघून गेला. मीही उत्तर दिलं असतं, पण पहिल्या रांगेत आमचेच मालक शाल पांघरून बसले होते.

परत येताना गाडीत साडूभाऊ म्हणाले, "बघितलं? खान्देशात नेटवर्किंग होऊच शकत नाही. इथला माणूस फक्त जेवायला येतो."

हे वाक्य मला लागलं. अजून लागलेलं आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

त्याच हिवाळ्यात मी शेतात भरीत पार्टी ठेवली. नाव नाही, बॅनर नाही, फॉर्म नाही. रविवारी सकाळी दहाला, फोन करून: ये ना भो, जेवाले. आमच्या लॅबच्या ऑपरेटर मुली आणि मावश्या, दुसऱ्या दोन लॅबचे लोक, एक पीएचडी करणारी मुलगी, कृषी केंद्राचा दुकानदार, भुसावळला घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचं काम करणारा एक पोरगा. साडूभाऊ सुट्टीला आलेलेच होते.

बाहेरच्यांना सांगायला हवं की आमच्या धंद्यात एक लॅब दुसऱ्या लॅबशी बोलत नाही. रोपं विकताना एकाच गिऱ्हाईकावर टपलेले असतो, आणि आपल्याकडे कंटॅमिनेशन (बाटल्यांत जंतू होणं) किती हे तर माणूस बायकोलाही खरं सांगत नाही. पण भरिताचं काय आहे, पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा जाळ करून वांगी टाकली की ती भाजेपर्यंत सगळ्यांना भोवती बसावं लागतं. मग सालं काढायची. हात काळे, बोटं भाजलेली, खिशातला फोन काढायची सोय नाही. मग बडगीत (लाकडी उखळीत) टाकून ठेचायचं, तोपर्यंत कुणी लसूण सोलतोय, कुणी कांद्याची पात चिरतोय, कुणी मिरच्यांनी शिंकतोय. पद विचारायला कुणाला सुचत नाही. ज्याच्या हातात मुसळ तो तेवढ्यापुरता मोठा.

तिथे आमच्या एक मावशी, वर्षानुवर्षं लॅमिनारवर (निर्जंतुक हवेच्या टेबलावर) बसणाऱ्या, सहज म्हणाल्या, "मे महिन्यात लाईट गेली का दोन-चार दिवसांनी वरच्या रॅकच्या बाटल्या दुधाळ होतात." दुसऱ्या लॅबचा माणूस साल काढता काढता थांबला. म्हणाला, "आमच्याही. वरच्याच." मी इतकी वर्षं हे आमचंच पाप समजत होतो. खरं तर गोष्ट साधी आहे. केळीच्या कंदात आतमध्येच काही जिवाणू दबा धरून असतात, बाहेरून कितीही निर्जंतुक करा, ते मरत नाहीत. पंचवीस अंशांना गप्प राहतात, खोली तापली की वर येतात. आमच्याकडे मेमध्ये बाहेर पंचेचाळीसपर्यंत पारा जातो, रात्री लाईट जाते, वॉचमनला झोप लागते, जनरेटर उशिरा सुरू होतो, आणि उष्णता वर चढते म्हणून वरच्या रॅकला पहिला फटका.

भुसावळचा पोरगा म्हणाला, "रात्री खोलीचं तापमान किती होतं हे तुम्हाला कळतं कसं?" मी सांगितलं की सकाळी थर्मामीटर बघून रजिस्टरला लिहितो. तो हसला. फार हसला. मग काही आठवड्यांनी एक डबी घेऊन आला: सेन्सर, सिमकार्ड, छोटी बॅटरी. खोली ठरलेल्या अंशाच्या वर गेली की माझा फोन वाजतो, मी वॉचमनला उठवतो. असली यंत्रं बाजारात मिळतात, मला माहीत आहे. पण मला तशी यंत्रं असतात हे माहीत नव्हतं आणि त्याला अशी खोली असते हे माहीत नव्हतं. ती डबी नंतर त्या दुसऱ्या लॅबनेही घेतली. बदल्यात त्यांच्या माणसाने मला सांगितलं की भर पावसात कंद आणणं बंद करा, तेव्हाच्या कंदात घाण जास्त असते. ते आम्ही पाळतो आणि फरक दिसतो.

जेवणं झाल्यावर बायकांनी गाणी म्हटली. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), मग कानबाईची (आमच्याकडच्या देवीची). कुणी 'सादर' केली नाहीत, भांडी घासता घासता सुरू झाली. तुम्ही विचारलंय की सांस्कृतिक भाग कसा जोडायचा. जोडायचा नाही. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्या बहिणाबाईंचं नाव आहे त्या शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात काम करता करता आल्या. आणि आपण मात्र 'सांस्कृतिक' म्हटलं की पुण्याहून गायक मागवतो, आणि लोकांना खुर्च्यांवर तोंड पुढे करून बसवतो. खुर्ची समोर बघणारी असली की माणूस शेजाऱ्याशी बोलणार कसा?

साडूभाऊ तेव्हा कळण्याच्या दोन भाकरी खाऊन बाजेवर आडवे झाले होते. नंतर त्यांनी लिंक्डइनवर आमच्या जाळाचा फोटो टाकला, खाली 'एक्सपिरिएन्शियल नेटवर्किंग' असं लिहून. त्यांचं मत अजून बदललेलं नाही, ते म्हणतात हा अपवाद.

तर अपवादाचं बघू. खान्देशात टेक्नॉलॉजी कुठे होती, असं जे लोक विचारतात त्यांना अंमळनेर दाखवा. विप्रो १९४५ साली तिथेच निघाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून, आणि अंमळनेरच्या कितीतरी जुन्या घरांत तिचे शेअर अजून जपून ठेवलेले आहेत हे सगळ्या जगाला माहीत आहे. ते शेअर कुणी सेमिनार ऐकून घेतले नसणार. ओट्यावर बसून घेतले असणार. आणि एसी हॉलशिवाय मोठी माणसं येत नाहीत म्हणत असाल तर फैजपूर आठवा. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं, बांबूच्या मांडवात, अध्यक्ष नेहरू.

आता तुम्ही विचारलेल्या बाकीच्या गोष्टी.

वेळ: संध्याकाळ नको. लॅबमध्ये खरं हाताचं काम करणाऱ्या नव्वद टक्के नाही म्हणत, पण बहुतेक बायकाच आहेत, आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, त्यांना अंधाराच्या आत घरी पोहोचायचं असतं. तुमचा सहाचा कार्यक्रम म्हणजे त्या आपोआप बाद, आणि मग पॅनेलवर ज्यांनी दहा वर्षांत बाटली हातात धरलेली नाही तेच उरतात.

महिना: भरितासाठी डिसेंबर-जानेवारी. दुसरी वेळ म्हणजे श्रावणातली कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा पुणे-सुरत-मुंबईची माणसं आपापल्या गावी येतातच, तुम्हाला कुणाला बोलवावं लागत नाही. फक्त त्या रविवारी-सोमवारी काही ठेवू नका, घरात नैवेद्याचे रोट असतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात. आदला शनिवार धरा. एप्रिल-मेमध्ये आखाजीला माहेरवाशिणी येतात, पण त्या उन्हात लॅबवाला ग्रोथ रूम सोडून येणार नाही, का ते वर लिहिलंय.

पैसा: औषध कंपन्या आणि ठिबकवाले आनंदाने देतील. घेऊ नका. घेतले की त्यांचा माणूस अर्धा तास उत्पादनावर बोलणार आणि हरण्याचा प्रश्न विचारणारा पुन्हा वेळेअभावी घरी. वांगी, पीठ, तेल, शेंगदाणे वर्गणीत भागतं.

भाषा: मराठी. त्यात अहिराणी, लेवा बोली जी येईल ती. स्लाईड इंग्रजीत असू द्या, बोलणं नको.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. भरीत खाऊन भांडवल मिळत नाही. तुम्हाला बायोटेकमध्ये खरंच काही उभं करायचं असेल तर बायरॅकची (केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची) बिग ग्रँट आहे, पन्नास लाखांपर्यंत मिळते, तिचा अर्ज कसा लिहायचा ते शिकायला पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणीच जावं लागेल, आणि तिथे साडूभाऊंच्या पद्धतीचं नेटवर्किंगच उपयोगी पडतं हे कबूल. एवढंच कबूल. आपल्या विद्यापीठातही इन्क्युबेशन केंद्र (नव्या उद्योगांना आधार देणारं) आहे, तिथे आधी विचारा.

दुसरं, तीस-चाळीसच्या वर माणसं झाली की माझी पद्धतही मोडते, मग कुणीतरी माईक आणतोच. आणि दारू येऊ देऊ नका. भरीत पार्टी म्हटलं की काहींना तीच आठवते, आणि एकदा आली की बायका पुढच्या वेळी येणार नाहीत.

तिसरं, हे सगळं जळगाव, यावल, रावेर, भुसावळ, चोपडा एवढ्यापुरतं. शिरपूरकडे फार्मसीची कॉलेजं आहेत, मुलं भरपूर, तिथे कॉलेजच्या हॉलमधला कार्यक्रमही चालू शकेल. धुळ्याचं तिथल्यांना विचारा. नंदुरबारला मी पाहुणा म्हणून जातो तेवढाच.

वांगी बामणोदची घ्या, आणि दोन दिवस आधी सांगून ठेवा. हिवाळ्यात रविवारी सकाळी बाजारात गेलात तर उरलेली मिळतात. या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, केळीलाही मिळालाय, दोन्हींना २०१६ मध्ये, तरी परिसंवाद कायम केळीवरच ठेवतात.