“घर तारण ठेवून पाठवू, आणि ती तिकडे जिम ट्रेनर होणार?”

सांगलीकडच्या एका वडिलांनी विचारलेला हा प्रश्न. मुलगी विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळ सुटला, बी.एस्सी. पूर्ण झालं. आता अमेरिकेत एम.एस. करून तिथल्या कॉलेज संघांची स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच व्हायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलेलं. खेळाडू मुलांचे पालक हीच काळजी घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, म्हणून तिच्या परवानगीनं आणि ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

हे काम नेमकं काय, हे वडिलांना कुणी सांगितलंच नव्हतं. खेळाडूंची ताकद, वेग, दमसास वाढवणं आणि दुखापती कमी करणं हे अमेरिकी विद्यापीठांत स्वतंत्र पगारी पद आहे. १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठानं बॉइड एप्ली यांना नेमलं, तिथून ही वाट पडली. एप्ली स्वतः पोल व्हॉल्टर होते. पाठीच्या दुखापतीमुळे ते वजनं उचलत, आणि त्यांचं बघून अमेरिकन फुटबॉलचे खेळाडूही तिथे येऊ लागले. १९७८ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं एनएससीए ही अशा कोचांची संघटना उभी राहिली. तिची सीएससीएस ही प्रमाणपत्राची परीक्षा आज या क्षेत्रात जगभर मानली जाते. हे ऐकताना मुलगी खुर्चीत पुढे सरकून बसली.

जिम ट्रेनरची शंका इथे मिटली, पण वडिलांची पैशाची भीती मला रास्तच वाटली आणि तसं मी त्यांना सांगितलं. या नोकरीत दिवस पहाटे सुरू होतो, कारण लेक्चरच्या आधी मुलांचा सराव उरकायचा असतो. सुरुवातीच्या इंटर्नशिपमध्ये बरेचदा पैसेच मिळत नाहीत. सीएससीसीए या दुसऱ्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी तर मार्गदर्शकाच्या हाताखाली ६४० तास काम करावं लागतं. सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. संघ हरत राहिला की मुख्य प्रशिक्षक जातो, नवा येतो तो आपली माणसं घेऊन. फुटबॉलमध्ये तर स्ट्रेंथ कोचची नोकरी मुख्य प्रशिक्षकाच्या नशिबाला बांधलेली असते. यात आपली मुलगी व्हिसावर. शिक्षणानंतर कामाची मुभा एक वर्ष. एक्सरसाइज फिजिऑलॉजीची, म्हणजे व्यायामात शरीर कसं चालतं या विषयाची, पदवी जीवशास्त्राच्या गटात नोंदलेली असेल तर आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणून प्रवेशाआधीच विद्यापीठाला विचारायला हवं. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नाही, ही जमेची बाजू. तरी तुमच्यासाठी अर्ज करायची इच्छा विद्यापीठाला असावी लागते.

“मग नकोच म्हणता का?” आईनं विचारलं.

मी मुलीकडे वळले. “इतरांचा सराव घेतला आहेस कधी?” तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. ऑपरेशननंतर मैदानाच्या कडेला बसून तिनं संघातल्या मुलींच्या नोंदी ठेवल्या होत्या. नाव, तारीख, स्क्वॉटचं वजन, आणि शेवटच्या रकान्यात शेरे: ‘उठताना डावा गुडघा आत’, ‘झोप नाही, आज कमी कर’. आपला खेळ हुकला म्हणून कोचिंगकडे वळणारी मुलं मला बरीच भेटतात. दुसऱ्याच्या गुडघ्याकडे इतक्या मायेनं बघणारी क्वचित. हा कल मला खरा वाटला.

म्हणून आमचा रस्ता असा ठरला. एक वर्ष इथेच, एखाद्या अनुभवी कोचच्या हाताखाली, पहाटेच्या बॅचसह. त्याच वर्षात सीएससीएसचा अभ्यास. त्यात शास्त्राचा एक पेपर आणि प्रत्यक्ष कामाचा दुसरा, आणि दुसरा मोठा. अमेरिकेत अर्ज करायचे ते ग्रॅज्युएट असिस्टंटशिप देणाऱ्या ठिकाणीच. त्यात संघासोबत काम मिळतं आणि फीचा भार बराच हलका होतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यात हे बसतं. परत यावं लागलं तर स्पोर्ट्स अथॉरिटीची केंद्रं, प्रो कबड्डी आणि आयपीएलचे संघ हे तज्ज्ञ नेमतात. जागा मोजक्या आहेत, पण आहेत.

वर्षभर पहाटे उठून तिचं मन उडालं तर? वडिलांनी हेही विचारलं. तर एम.एस्सी.चा प्रवेश तिला इथे खुला आहे, आणि गेलेलं असेल फक्त एक वर्ष. त्याच बैठकीत त्यांनी कर्जाची मर्यादा कागदावर लिहिली, खाली ‘घर तारण नाही’ असं लिहून सही केली आणि पेन मुलीकडे दिलं. तिनंही सही केली.